ओआरएसचं एक पाकीट, एक लिटर पाणी आणि गोंधळलेले पालक: मुलांच्या आरोग्याची माहिती नेमकी कशी सांगायची?

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास ताईचा फोन आला. तिच्या दीड वर्षाच्या मुलाला संध्याकाळपासून जुलाब होत होते. घरात ओआरएसचं पाकीट होतं. तिचा प्रश्न एवढाच होता, "अगं, हे एका ग्लासात किती टाकायचं?"

मी तिला पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यावर संत्र्याचं मोठं चित्र होतं, कंपनीचं नाव ठळक होतं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात मिसळा. ताईने अंदाजाने पाकिटाचा तिसरा हिस्सा एका ग्लासात ढवळला होता. २०० मिलीच्या ग्लासात पाकिटाचा पाचवा हिस्सा बसतो. म्हणजे तिचं पाणी हवं त्यापेक्षा दीडपटीहून जास्त घट्ट झालं होतं. नशिबाने बाळाने दोनच चमचे घेतले होते. तिने ते ओतून टाकलं, पाण्याची एक लिटरची बाटली घेतली आणि पुन्हा नीट बनवलं.

माझी ताई इंजिनिअर आहे. तिला वाचता येतं, मोजता येतं, इंटरनेटही आहे. तरीही मध्यरात्री, कडेवर रडणारं बाळ असताना, तिला हवी असलेली एक ओळ सापडली नाही.

मुलांच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे माहितीची कमतरता नाही. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, रील्स, पोस्टर्स, दवाखान्यातली पत्रकं, सगळीकडे सूचनाच सूचना आहेत. मग पालक गोंधळतात का? आणि ज्या माहितीने खरंच धीर येतो, ती वेगळी कशी असते? ओआरएसच्याच उदाहरणातून समजून घेऊया.

ओआरएस नेमकं करतं काय?

ओआरएस म्हणजे ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स. मराठीत 'जलसंजीवनी' हे नावही अनेकांना माहीत आहे. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार भराभर बाहेर जातात. मुलाच्या जिवाला मोठा धोका असतो तो याच पाणी कमी होण्याचा.

आता नुसतं पाणी पाजलं तर? ते पुरेसं शोषलं जात नाही आणि गेलेले क्षारही भरून येत नाहीत. पण आपल्या लहान आतड्यात एक सोय आहे. ग्लुकोज आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आलं की आतडं ते दोन्ही आत ओढून घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जातं. जुलाब चालू असतानाही ही सोय बऱ्यापैकी काम करत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पाकिटात साधारण २०.५ ग्रॅम पावडर असते: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. इथे प्रमाणालाच महत्त्व आहे. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढण्याचा धोका असतो. पाणी जास्त झालं तर उपयोग कमी होतो.

म्हणून "पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर" हे पाच शब्द औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. आणि नेमके तेच पाकिटावर सर्वांत बारीक अक्षरांत सापडतात.

बोनगावची छावणी आणि एका नावाची गोष्ट

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवायचं आणि रुग्णांना ते त्यांच्या नातेवाइकांनीच पाजायचं.

त्या काळी तोंडाने द्यायच्या पाण्यावर बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास नव्हता. पण जिथे हे मिश्रण वापरलं गेलं तिथे मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. डॉ. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

ही गोष्ट औषधाची म्हणून सांगितली जाते. पण ती माहिती सांगण्याचीही गोष्ट आहे. लोकांना सलाईन माहीत होतं आणि त्यावर त्यांचा भरवसा होता. म्हणून छावणीत या पाण्याला 'ओरल सलाईन', म्हणजे तोंडाने घ्यायचं सलाईन म्हटलं गेलं. ते कसं बनवायचं हे सांगणारी पत्रकं सीमेवर वाटली गेली आणि रेडिओवरूनही सांगितलं गेलं.

आपल्याकडेही "डॉक्टर, एक सलाईन लावा म्हणजे बरं वाटेल" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. अशा माणसाला "ओआरएस घ्या" म्हटलं तर त्याला आपली बोळवण केल्यासारखं वाटतं. "हे तोंडाने घ्यायचं सलाईनच आहे" म्हटलं तर तो ऐकतो. लोकांचा भरवसा आधीच जिथे आहे, तिथून बोलायला सुरुवात केली तर निम्मं काम सोपं होतं.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पुढचा धडा बांगलादेशातला आहे. १९८० मध्ये 'ब्रॅक' या संस्थेने ठरवलं की देशभरातल्या आयांना हे पाणी घरीच बनवायला शिकवायचं. अडचणी भरपूर होत्या. बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रेडिओ मोजक्याच घरांत होता. ग्रॅम आणि मिलीलिटर घरात मोजणार कोण?

संस्थेने मापं बोटांवर आणली. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर का? कारण दूध आणि तेल घेताना हे माप रोजच्या वापरात होतं. आयांनी बनवलेलं पाणी तपासून प्रमाण पुरेसं बरोबर येतंय का, हेही पाहिलं गेलं.

मग प्रशिक्षित स्त्रिया घरोघर जाऊ लागल्या. त्यांनी सांगायच्या गोष्टी सात मुद्द्यांत बसवल्या होत्या. सुरुवातीला एक कार्यकर्ती दिवसाला वीसपर्यंत आयांना शिकवायची. काही आठवड्यांनी तपासलं तर आयांच्या लक्षात फारसं राहिलं नव्हतं. म्हणून संख्या दहा घरांवर आणली. त्याहून मोठा बदल पगारात झाला. किती घरं केली यावर पगार ठरेनासा झाला. नंतर तपासणीला गेल्यावर आईला किती मुद्दे आठवतात, यावर तो ठरू लागला.

याचा अर्थ असा की आई विसरली तर चूक आईची धरली गेली नाही. सांगणारीचं सांगणं कमी पडलं, असं मानलं गेलं.

आणखी एक गोष्ट कार्यकर्तींच्या लक्षात आली. नुसतं करून दाखवण्यापेक्षा आईच्या हातून ते पाणी बनवून घेतलं आणि तिच्याच शब्दांत तिला ते सांगायला लावलं तर ते पक्कं लक्षात राहतं. दहा वर्षांत ही मोहीम १ कोटी २० लाखांच्या आसपास घरांपर्यंत पोहोचली.

आता आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा. तिथे मेसेज पाठवला आणि निळ्या टिका दिसल्या की आपलं काम झालं असं आपण समजतो. समोरच्याला काय कळलं, हे कोण विचारतं?

मग आज घोडं अडतं कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं की जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओआरएस मिळालं. झिंक मिळालेली मुलं ३१ टक्क्यांच्या आसपास होती. आशाताई, अंगणवाडी आणि सरकारी दवाखान्यांमधून ओआरएस मोफत मिळतं. तरीही एवढी मुलं मागे का राहतात, याची कारणं अनेक आहेत. त्यातली काही कारणं थेट माहितीच्या मांडणीशी जोडलेली आहेत.

*१. काय होणार आहे हे कुणी सांगत नाही.* हा सगळ्यांत मोठा घोळ आहे. ओआरएस जुलाब थांबवत नाही, ते गेलेलं पाणी भरून काढतं. हे माहीत नसलं की पालक दोन तास ओआरएस पाजतात, जुलाब चालूच राहतात आणि मग "याचा काही उपयोग नाही" म्हणून ते बंद करून मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणतात. लहान मुलांना अशी औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देणं धोक्याचं ठरू शकतं. "जुलाब लगेच थांबणार नाहीत, पण बाळ सुकणार नाही" एवढं आधी सांगितलं असतं तर?

*२. पाकिटांचे आकार वेगवेगळे.* एक लिटरचं पाकीट असतं, तसं २०० मिलीचं छोटं पाकीटही असतं. "एक पाकीट पाण्यात मिसळा" एवढंच लिहिलेला मेसेज म्हणूनच अर्धवट आहे. कोणतं पाकीट आणि किती पाणी, हे दोन्ही सांगावं लागतं.

*३. 'चमचा' म्हणजे कोणता चमचा?* आपल्या घरात चहाचा चमचा असतो, पोहे खायचा असतो, औषधाच्या बाटलीसोबत आलेला असतो. २०१४ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या पालकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पातळ औषध मोजताना जवळपास ४० टक्के पालकांचं माप चुकलं. मिलीलिटरऐवजी चमच्यांत मोजणाऱ्यांची चूक होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. आपल्याकडे तापाचं पॅरासिटामॉल एकाच नावाने थेंबांच्या बाटलीत आणि सिरपमध्ये येतं आणि दोन्हींची तीव्रता वेगळी असते. तिथे "अर्धा चमचा द्या" हा सल्ला बाळाला महागात पडू शकतो.

*४. सरकारी मराठी.* "निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." वाक्य व्याकरणाने चोख आहे. पण निर्जलीकरण कसं दिसतं? आपल्या आजीकडे त्यासाठी शब्द आहेत: बाळ मलूल झालंय, डोळे खोल गेलेत, टाळू आत गेलीय, जीभ कोरडी पडलीय, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही. हे शब्द डॉक्टरांच्या पुस्तकातल्या खुणांशी तंतोतंत जुळतात. मग ते पोस्टरवर का नसतात?

*५. नावातच फसगत.* वर्षानुवर्षं दुकानांत 'ओआरएस' ही अक्षरं नावात असलेली गोड पेयं मिळत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. यातल्या काही पेयांमध्ये साखर खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट जास्त होती. "हे ओआरएस नाही" अशी सूचना छापण्याच्या अटीवर ते नाव वापरायची मुभा काही काळ होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ही मुभा काढून घेतली. मोठ्या अक्षरांत एक सांगायचं आणि बारीक अक्षरांत त्याच्या उलट सांगायचं, तर घाईत असलेला पालक मोठं अक्षरच वाचणार. हे ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

पण थोडी भीती दाखवली तर लोक ऐकतात ना?

अनेकांना असंच वाटतं. म्हणून मेसेजची सुरुवात "सावधान!!!" ने होते आणि सोबत एखाद्या आजारी बाळाचा फोटो असतो.

यावरचा एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतले संशोधक ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी सतराशेहून अधिक पालकांना गोवर-गालगुंड-रुबेला लशीबद्दल वेगवेगळ्या प्रकारे माहिती दाखवली. त्यातल्या एका गटाला हे आजार झालेल्या मुलांचे फोटो दाखवले. अपेक्षा होती की पालक लशीकडे वळतील. झालं उलटंच. फोटो पाहिलेल्या पालकांमध्ये लशीमुळे ऑटिझम होतो, हा चुकीचा समजच वाढलेला दिसला.

म्हणजे भीती पोहोचली, पण ती नको त्या दिशेला गेली. घाबरलेला माणूस समोर दिसेल ते धरतो. त्याला आपण पुढचं पाऊल दिलं नाही तर ते दुसरं कुणीतरी देतं. मग नजर काढणं असेल, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी असेल किंवा "जुलाबात पाणी-दूध बंद करा" हा जुना सल्ला असेल.

आता आपल्याकडचं एक उदाहरण पाहूया. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात 'सुपरअम्मा' नावाची हात धुण्याची मोहीम झाली. १४ गावं निवडली, त्यातल्या ७ गावांत मोहीम राबवली. यात जंतू, आजार, मृत्यू यांची भीती दाखवली नाही. एक प्रेमळ, हुशार आई होती, जी मुलाला चांगल्या सवयी लावते. आणि विनोदासाठी 'लड्डू लिंगम' नावाचा एक किळसवाणा मिठाईवाला होता, जो हात न धुता लाडू वळतो. लोक हसले, त्यांना शिसारीही आली आणि आईसारखं व्हावंसं वाटलं.

निकाल २०१४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आले. संशोधकांनी लोकांना विचारण्याऐवजी घरात बसून प्रत्यक्ष पाहिलं की महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुतले जातात का. आधी हे प्रमाण दोन्हीकडे नगण्य, एक-दोन टक्के होतं. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत ते ३७ टक्के झालं, बाकी गावांत ६ टक्केच राहिलं.

३७ टक्के म्हणजे सगळं साधलं असं नाही. पण आईला अपराधी वाटायला न लावता, तिच्या मायेवर भरवसा ठेवून बोललं तर फरक पडतो, हे यातून दिसलं.

एकच माहिती, दोन मेसेज

आता प्रत्यक्ष करून पाहू. खालचा मेसेज मी नमुना म्हणून लिहिलाय. पण तो तुम्हाला ओळखीचा वाटेल.

> सावधान!!! सर्व पालकांना सूचित करण्यात येते की सध्या अतिसाराची साथ पसरत असून हा आजार बालकांच्या जिवावर बेतू शकतो. पालकांनी निष्काळजीपणा करू नये. वैयक्तिक स्वच्छता राखावी. दूषित पाणी व उघड्यावरील अन्न टाळावे. निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास तातडीने वैद्यकीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा. घाबरून जाऊ नये. जास्तीत जास्त शेअर करा.

पहिल्या ओळीत घाबरवलं, शेवटी "घाबरून जाऊ नये" म्हटलं. मध्ये आत्ता, या क्षणी काय करायचं ते एकदाही आलं नाही. 'निष्काळजीपणा' या शब्दाने आधीच काळजीत असलेल्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ते वेगळंच. आता हाच विषय असा लिहून पाहूया:

> मुलाला जुलाब होतायत? आधी हे करा.
>
> आत्ता: ओआरएसचं १ लिटरचं पूर्ण पाकीट १ लिटर पिण्याच्या पाण्यात एकदाच मिसळा. (छोटं पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.) चमच्याने किंवा वाटीने घोट-घोट पाजा. प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.
>
> हे चालू ठेवा: अंगावरचं दूध. रोजचं जेवण: मऊ भात, वरण, पेज. डॉक्टर किंवा आशाताईंनी झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा.
>
> काय होईल: जुलाब लगेच थांबणार नाहीत. ओआरएसचं काम पाणी भरून काढायचं आहे. बहुतेक मुलं काही दिवसांत बरी होतात. बाळ पाणी पितंय, लघवी होतेय, अधूनमधून खेळतंय, तर तुम्ही बरोबर करताय.
>
> यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना: मूल पीत नाही किंवा सगळं उलटून टाकतंय • खूप मलूल आहे, उठवलं तरी नीट जागं होत नाही • डोळे किंवा टाळू खोल गेलीय • पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू सपाट होतेय • सहा ते आठ तास लघवी नाही • शौचात रक्त • जास्त ताप. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.
>
> घरात इतरांसाठी: शी धुतल्यावर, लंगोट बदलल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा.

हा मेसेज लांब आहे, हे खरं. पण रात्री दीड वाजता तो उघडणाऱ्या माणसाला त्यातली हवी ती ओळ लगेच सापडेल, कारण तो त्याच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहिलाय. पालकाच्या मनात प्रश्न साधारण असेच येतात: आत्ता काय करू? हे असंच चालणार का? आणि धावत कधी सुटायचं?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना भीतीदायक वाटतं, म्हणून ते गाळलं जातं. खरं तर धीर तिथूनच येतो. धोक्याची रेष कुठे आहे हे कळलं की रेषेच्या अलीकडे असलेल्या आईला दोन तास झोप घेता येते. रेष माहीत नसेल तर प्रत्येक जुलाब तिला शेवटचा इशारा वाटतो.

पाकीटच मिळालं नाही तर?

हा प्रश्न येणारच. पाकीट मिळेपर्यंत घरी मीठ-साखरेचं पाणी बनवता येतं: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. इथे 'सपाट' हा शब्द गाळायचा नाही. शिगोशीग भरलेल्या चमच्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. चव पाहा, ते आपल्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. तांदळाची पेज किंवा ताकही देता येतं. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस किंवा एनर्जी ड्रिंक मात्र ओआरएसच्या जागी देऊ नका.

फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारा

तुम्ही शिक्षक असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल, ग्रुप अ‍ॅडमिन असाल किंवा नुसते काळजी करणारे काका-मावशी असाल, मुलांच्या तब्येतीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं तपासा:

• पहिल्या दोन ओळींत 'काय करायचं' ते आहे का? ग्रुपच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं.

• मापं आकड्यांत आहेत का? "थोडं", "अधूनमधून", "योग्य प्रमाणात" हे शब्द सांगणाऱ्याला सोपे जातात, करणाऱ्याला नाही.

• आजीला समजेल का? दिवसभर बाळ बहुतेक वेळा आजीकडे किंवा पाळणाघरातल्या मावशींकडे असतं. त्यांच्यासाठी तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

• यात कुणाला दोष दिलाय का? "तुमच्या चुकीमुळे" असा सूर असेल तर पालक आजार लपवतात आणि उशिरा येतात.

• तारीख आणि माहिती कुणाची आहे ते लिहिलंय का? तीन वर्षांपूर्वीच्या साथीचा मेसेज आजही फिरत असतो. तारीख नसेल तर पुढे पाठवू नका.

• फोटोत मजकूर कोंबलाय का? साधा टाइप केलेला मजकूर मोठा करून वाचता येतो, कॉपी करता येतो, फोनकडून वाचूनही घेता येतो.

आणि शेवटी ब्रॅकची ती युक्ती. मेसेज तयार झाला की तो घरातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. मग फोन बाजूला ठेवून विचारा, "आता मला सांग, काय काय करायचं?" तो जिथे अडखळेल तिथे तुमचं वाक्य बदला.

मी हे ताईसोबतच करून पाहिलं. वरच्या मेसेजचा पहिला मसुदा तिला वाचायला दिला. तिने मला एका जागी अडवलं. मी लिहिलं होतं, "पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवा." ती म्हणाली, "त्यात 'पूर्ण' लिही. आणि 'एकदाच' लिही. मला वाटलं होतं की दर वेळी ग्लासात ताजं बनवायचं असतं."

ते दोन शब्द आता मेसेजमध्ये आहेत. तिने त्याचा प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय आणि शेजारी मार्करने रेघ मारलेली एक लिटरची बाटली ठेवलीय. परवा तिच्या सासूबाईंनी ती पाहून विचारलं, "ही रेघ कशाची?" आणि ताईने त्यांच्याच हातून एकदा ते पाणी बनवून घेतलं.